डेमोक्रॅटिक नेतृत्व, प्रसारमाध्यमे आणि पुरोगामी मतदार : राग नेमका कोणावर धरायचा?

कनेक्टिकटकर (प्रश्न)

नमस्कार. मी बरीच वर्षे कनेक्टिकट राज्यात राहतो आहे आणि नागरिकत्व मिळाल्यापासून डेमोक्रॅटिक पक्षाचा नोंदणीकृत मतदार आहे. मार्च २०२५ मध्ये सिनेटमधील डेमोक्रॅटिक नेते चक शूमर आणि त्यांच्या गटातील नऊ जणांनी रिपब्लिकन पक्षाच्या खर्चविषयक विधेयकाची वाट मोकळी करून दिली. प्रतिनिधिगृहातील त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांनी, एकाचा अपवाद वगळता, त्या विधेयकाच्या विरोधात मत दिले होते. सदस्य एकीकडे आणि नेते दुसरीकडे हे चित्र माझ्यासारख्यांनी २००२ पासून इतक्या वेळा पाहिले आहे, की आता निव्वळ संताप व्यक्त करण्याऐवजी त्याचे कारण समजून घ्यावे असे वाटते.

ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर लष्करी कारवाई करण्याचा अधिकार अध्यक्ष बुश यांना देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला. प्रतिनिधिगृहातील १२६ डेमोक्रॅट त्याच्या विरोधात होते आणि ८१ बाजूने, म्हणजे पक्षाच्या सदस्यांचे बहुमत युद्धाच्या विरोधात होते. तरीही त्या सभागृहातील पक्षाचे नेते डिक गेपहार्ट व्हाइट हाउसच्या बागेत बुश यांच्या बाजूला उभे राहून ठरावाला पाठिंबा देत होते आणि सिनेटमधील नेते टॉम डॅशल यांनीही बाजूनेच मत दिले. त्या काळात दूरचित्रवाणी पाहणाऱ्याचा असा समज झाला असता, की युद्धाला विरोध करणारे म्हणजे चार-दोन विक्षिप्त माणसे आहेत. डेली कॉस या पुरोगामी ब्लॉगसारखी संकेतस्थळे त्याच वर्षी उभी राहिली आणि तिथे आमच्यासारख्यांना पहिल्यांदा कळले, की आपण एकटे नाही.

पुढे २००६ मध्ये आमच्या राज्यातील सिनेटर जो लीबरमन यांच्या विरोधात नेड लॅमंट पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार निवडीत, उभे राहिले. लीबरमन २००० मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि युद्धाचे खंदे समर्थक होते. माजी अध्यक्ष क्लिंटन त्यांच्या प्रचाराला वॉटरबरीला आले. तरीही ८ ऑगस्टला लॅमंट सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी जिंकले. पक्षातील अतिरेक्यांनी एका समंजस माणसाचा बळी घेतला, असा सूर अनेक नामांकित स्तंभलेखकांनी लावला, आणि तोही अशा वेळी, जेव्हा देशातील बहुसंख्य लोकांचे मत युद्धाच्या विरोधात गेलेले होते. लीबरमन अपक्ष म्हणून उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये मुख्यतः रिपब्लिकन आणि कोणत्याही पक्षाचे नसलेल्या मतदारांच्या जोरावर निवडून आले. २००८ मध्ये त्यांनी रिपब्लिकन अधिवेशनात त्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मकेन यांच्यासाठी भाषण केले. एवढे होऊनही डेमोक्रॅटिक सिनेटरांनी ४२ विरुद्ध १३ मतांनी त्यांचे समितीचे अध्यक्षपद कायम ठेवले. डिसेंबर २००९ मध्ये पंचावन्न वर्षांवरील लोकांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, विकत घेण्याची मुभा देणारी तरतूद आरोग्य विधेयकातून वगळली गेली, ती त्यांच्याच विरोधामुळे.

माझा प्रश्न असा आहे. नेते कच खातात म्हणून माध्यमे गप्प बसतात, की माध्यमे एखाद्या भूमिकेला बेजबाबदार ठरवतात म्हणून नेते कच खातात? आणि सामान्य मतदाराने आपली शक्ती यांपैकी कोणाला जाब विचारण्यात घालवावी?

जुना वार्ताहर

प्रश्न चांगला मांडला आहे. मी काही काळ मुंबईत वृत्तपत्रात काम केले आहे, त्यामुळे माध्यमांच्या बाजूने थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या मते क्रम स्पष्ट आहे. राजकीय बातमीदारी सत्तेवरच्या आणि विरोधातल्या नेत्यांमध्ये जितके अंतर असते, तेवढ्याच पट्ट्यात फिरते. लान्स बेनेट या अभ्यासकांनी १९९० मध्ये हे सूत्र मांडले आणि त्यानंतर बारा वर्षांनी इराकच्या निमित्ताने ते अक्षरशः डोळ्यांसमोर घडले.

८ सप्टेंबर २००२ ची सकाळ आठवा. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी होती, की इराक विशिष्ट प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहत आहे आणि त्या अण्वस्त्रांसाठी असाव्यात असे अधिकाऱ्यांचे मत आहे. त्याच सकाळी उपाध्यक्ष चेनी दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत त्या बातमीचा हवाला देत होते. म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांनी नाव न सांगता माहिती पुरवायची आणि ती छापून आली की सरकारमधल्याच माणसाने तिच्याकडे स्वतंत्र पुरावा म्हणून बोट दाखवायचे. ऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांना त्या नळ्या साध्या रॉकेटांसाठी असाव्यात असे वाटत होते. त्यांचे म्हणणे मात्र आतल्या पानांत, उशिरा आणि त्रोटक आले. २६ मे २००४ रोजी त्या वृत्तपत्राने आपले वार्तांकन हवे तितके काटेकोर नव्हते असे वाचकांना लिहून सांगितले. तोपर्यंत युद्ध सुरू होऊन वर्ष उलटून गेले होते.

वेगळी बातमीदारी अशक्य होती असे मात्र नाही. नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरेन स्ट्रोबेल हे दोन वार्ताहर मंत्र्यांकडे न जाता गुप्तचर खात्यांतील मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांकडे जात होते आणि सरकारच्या दाव्यांविषयी तिथे केवढी शंका आहे ते सातत्याने लिहीत होते. त्या समूहाची दैनिके देशभर होती, परंतु वॉशिंग्टनमध्ये वा न्यूयॉर्कमध्ये एकही नव्हते. जे राजकारणी सकाळी उठून ठरावीक दोन वृत्तपत्रे चाळतात, त्यांच्या दृष्टीने त्या बातम्या छापल्याच गेल्या नाहीत. तो समूह २००६ मध्ये विकला गेला, याची मला आजही हळहळ वाटते; ज्यांचे बरोबर होते ते मोडीत निघाले आणि ज्यांचे चुकले त्यांच्या स्तंभांना काहीही झाले नाही.

फेब्रुवारी २००३ मध्ये एमएसएनबीसी वाहिनीने फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. त्या वेळी तो वाहिनीवरील सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम होता. युद्धाच्या काळात असा युद्धविरोधी चेहरा वाहिनीला अडचणीचा ठरेल, अशा आशयाचे अंतर्गत टिपण नंतर बाहेर आले. युद्धविरोधी पाहुण्यांना बोलवायला वाहिन्या का घाबरत होत्या, याचे उत्तर शोधताना तुम्ही दिलेले आकडेच उपयोगी पडतात. विरोधी पक्षाचे दोन्ही सभागृहांतील नेते ठरावाच्या बाजूने असतील, तर संपादकाच्या दृष्टीने वाद संपलेला असतो. १२६ सदस्य विरोधात आहेत, ही बातमी होऊ शकली असती, परंतु त्यांच्या वतीने रोज कॅमेऱ्यासमोर उभे राहणारा पदाधिकारी नव्हता. प्रतिनिधिगृहातील पक्षाच्या प्रतोद नॅन्सी पेलोसी यांनी विरोधात मत दिले होते, हेसुद्धा अनेकांना नंतर कळले.

एका प्रसंगाने याची दुसरी बाजू दिसते. ५ डिसेंबर २००२ रोजी सिनेटमधील रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट यांनी स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या समारंभात, वंशविभक्ततेच्या, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याच्या, बाजूने १९४८ ची अध्यक्षीय निवडणूक लढवलेले थर्मंड तेव्हा जिंकले असते तर देशाला पुढचे त्रास झाले नसते, अशा अर्थाचे वक्तव्य केले. सभागृहात वार्ताहर होते, चित्रीकरण झाले होते, आणि तरीही बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी ते सोडून दिले. जॉश मार्शल आणि आणखी काही स्वतंत्र ब्लॉगलेखकांनी ते लावून धरले आणि लॉट १९८० मध्येही असेच बोलले होते हे समोर आले. २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडले. हा लेखकांचा विजय होता यात शंका नाही. परंतु मधल्या काळात खुद्द अध्यक्ष बुश यांनी लॉट यांच्यावर जाहीर टीका केली होती, हे विसरू नये. नेत्यांमध्ये फट पडली आणि त्या फटीतून बातमी वर आली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की आधी नेते. माध्यमांना पत्रे जरूर लिहा, परंतु नेते हलले नाहीत तर माध्यमे हलणार नाहीत.

आकडेमोड

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु प्रश्नकर्त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच रांगेत बसवल्या आहेत आणि त्यावर आक्षेप घेणे मला आवश्यक वाटते.

२००२ मध्ये नेत्यांकडे सबब नव्हती. सिनेटमध्ये डेमोक्रॅटांचे निसटते का होईना, बहुमत होते. कामकाज कोणत्या दिवशी काय घ्यायचे हे डॅशल ठरवू शकत होते. डेमोक्रॅटिक सिनेटर रॉबर्ट बर्ड चर्चा लांबवण्याचा प्रयत्न करत होते आणि त्यांना स्वपक्षाच्या नेत्यांची साथ मिळाली नाही. युद्धाचा विषय एकदाचा मिटवावा आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत अर्थव्यवस्थेवर बोलावे, असा हिशेब होता. तो हिशेब नैतिकदृष्ट्या चुकीचा होताच, पण व्यवहारातही फसला. जॉर्जियाचे डेमोक्रॅटिक सिनेटर मॅक्स क्लीलँड व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेले माजी सैनिक होते, त्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले होते, आणि तरीही त्यांच्या विरोधातील जाहिरातीत बिन लादेन आणि सद्दाम यांची छायाचित्रे वापरली गेली. ते हरले आणि पक्षाने सिनेटमधील बहुमतही गमावले. दुसरीकडे मिनेसोटाचे डेमोक्रॅटिक सिनेटर पॉल वेलस्टोन त्याच वर्षी अटीतटीच्या निवडणुकीला सामोरे जात होते आणि त्यांनी विरोधात मत देण्याचे धैर्य दाखवले. मतदानानंतर दोनच आठवड्यांत विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी लिहिताना आजही मन जड होते.

२००९ चे प्रकरण निराळे आहे. आरोग्य विधेयकावरील चर्चा बंद करून मतदान घ्यायचे तर साठ मते लागत होती आणि लीबरमन व बर्नी सँडर्स या दोन अपक्षांना धरून पक्षाकडे बरोबर साठच होती. एक जण बाजूला झाला की सगळे कोसळणार, अशा स्थितीत प्रत्येक जण अडवणूक करू शकतो. नेब्रास्काचे डेमोक्रॅटिक सिनेटर बेन नेल्सन यांनीही तेच केले. नोव्हेंबर २००८ मध्ये लीबरमन यांचे पद काढून घेतले असते तर ते विरोधी गोटात गेले असते, ही भीती निराधार नव्हती. रिपब्लिकन सिनेटर आर्लेन स्पेक्टर पक्षात येतील आणि मिनेसोटाच्या फेरमोजणीतून डेमोक्रॅटिक उमेदवार अल फ्रँकन जुलै २००९ मध्ये शपथ घेतील, हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हते.

प्रायमरीचे हत्यारही प्रत्येक राज्यात एकसारखे चालत नाही. २०१० मध्ये अर्कान्सासच्या डेमोक्रॅटिक सिनेटर ब्लँच लिंकन यांना प्रायमरीत बिल हाल्टर यांनी आव्हान दिले, कामगार संघटनांनी त्यामागे मोठी ताकद लावली, लिंकन दुसऱ्या फेरीत थोडक्यात बचावल्या आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवाराकडून फार मोठ्या फरकाने हरल्या. कनेक्टिकटसारख्या राज्यात पुरोगामी उमेदवाराचा आग्रह धरणे रास्त आहे, कारण तिथे जागा पक्षाच्या हातून जाण्याचा धोका कमी असतो. अर्कान्सासमध्ये तो न्याय लागू होत नाही. आपल्याकडच्या पुरोगामी लेखनात हा भेद फार वेळा पुसला जातो आणि प्रत्येक तडजोड म्हणजे विश्वासघात असे लिहिले जाते. त्यामुळे खऱ्या विश्वासघातावर बोट ठेवले तरी ऐकणारा कंटाळलेला असतो.

वर्धेकर

महाराष्ट्रातून वाचतो आहे. तुमच्या चर्चेतील एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते, ती म्हणजे लॅमंट नावाचा माणूस पक्षनेतृत्वाच्या मर्जीविरुद्ध उभा राहून पक्षाची उमेदवारी जिंकू शकला. आमच्याकडे एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो यावर सगळे ठरते आणि तो शेवटच्या दिवशीच्या दुपारपर्यंत कोणाच्या नावाने येणार हे तालुक्यातील कार्यकर्त्यालाच काय, इच्छुकालाही ठाऊक नसते. निवडून आल्यावर १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आणलेल्या पक्षांतरबंदीमुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. १२६ सदस्यांनी नेत्याच्या भूमिकेविरुद्ध मतदान केले आणि दुसऱ्या दिवशी ते सदस्य म्हणून सभागृहात आले, हे इथे घडणे अवघड आहे.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत निवडणुकीचा प्रयोग केला होता आणि त्यात आमचे वर्धा आणि लातूर होते. मतदार फक्त पक्षाचे पदाधिकारी होते. वर्ध्यात विद्यमान खासदारांचे चिरंजीव विजयी झाले आणि पुढे दोन्ही जागा पक्षाने गमावल्या. सामान्य पाठीराख्याला मत नसेल तर निवडणूक घेऊनही प्रस्थापितांचेच पारडे जड राहते, हे त्यातून दिसले. तो प्रयोग सुधारून पुढे नेण्याऐवजी बाजूला ठेवला गेला, याचे मला अधिक दुःख आहे.

माध्यमांबद्दल जुना वार्ताहर यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकार उघडकीस आले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये नावानिशी तपशील देणारा अहवाल तयार केला आणि तो संपूर्ण स्वरूपात लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. इथे वृत्तपत्र नेत्यांच्या मागून चालत नव्हते, तर त्यांच्याशी व्यवहार करत होते. तेव्हा आधी नेते आणि मग माध्यमे असा एकमार्गी क्रम सर्वत्र लागू करू नये.

कनेक्टिकटकर

सर्वांचे मनापासून आभार. आकडेमोड यांचा साठ मतांचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्याने ४२ विरुद्ध १३ चे पूर्ण समर्थन होत नाही. पद काढून घेणे आणि पक्षातून घालवणे यांच्यामध्ये बरीच जागा होती. दुय्यम समिती देता आली असती, पुढील वर्तनाशी पद जोडता आले असते. यातले काहीच न झाल्याने लॅमंट यांच्यासाठी उन्हाळाभर दारोदार फिरलेल्या स्वयंसेवकांपर्यंत एवढेच पोहोचले, की त्यांच्या कामाची पक्षाच्या लेखी किंमत नाही. त्यांतील अनेक जण नंतर कोणत्याच निवडणुकीत काम करायला आले नाहीत, आणि हा तोटा कोणत्याही मतमोजणीत दिसत नाही.

वर्धेकर यांना एक सांगावेसे वाटते, की इथली प्रायमरीही दिसते तितकी खुली नाही. आमच्या राज्यात अधिवेशनातील किमान १५ टक्के प्रतिनिधींचा पाठिंबा मिळाला तर मतपत्रिकेवर थेट नाव येते, नाहीतर हजारो सह्या गोळा कराव्या लागतात. लॅमंट यांना मे २००६ च्या अधिवेशनात सुमारे एक तृतीयांश प्रतिनिधी मिळाले, म्हणून पुढचे सगळे घडू शकले. न्यू जर्सीतील सभासदांनी तिकडच्या मतपत्रिकेविषयी लिहावे, अशी विनंती आहे.

हडसनकाठ

विनंतीबद्दल आभार. न्यू जर्सीत मराठी माणसे भरपूर आहेत, मतदानालाही जातात, पण ज्या मतपत्रिकेवर आपण वर्षानुवर्षे शिक्का उमटवला ती कशी तयार होत होती हे फार थोड्यांना माहीत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या राज्यातील २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, पक्षाच्या स्थानिक नेतृत्वाने पुरस्कृत केलेले सगळे उमेदवार, अध्यक्षपदापासून नगरपालिकेपर्यंत, मतपत्रिकेवर एकाच उभ्या रांगेत छापले जात. बाकीच्यांची नावे कुठे तरी कडेला, कधी दोन-तीन रिकामे रकाने सोडून. या रांगेला काउंटी लाइन म्हणत. ज्याला ती रांग मिळाली त्याला बहुतेक वेळा विजय मिळाला, त्यामुळे आमदार-खासदार मतदारांपेक्षा पक्षाच्या काउंटी अध्यक्षाला अधिक जपत. तुमच्या मूळ प्रश्नातील कच खाणे कुठून येते, त्याचे एक मोठे उत्तर या छपाईत आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटर बॉब मेनेन्डेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोपपत्र आले आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅटिक सदस्य अँडी किम यांनी त्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. पुढे तेव्हाच्या राज्यपालांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या आणि मोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी भराभर त्यांना पाठिंबा दिला. मग १० फेब्रुवारी २०२४ रोजी मॉनमथ काउंटीत पक्षाच्या काउंटी समितीच्या सदस्यांचे गुप्त मतदान झाले आणि किम सुमारे ५७ विरुद्ध ३९ टक्क्यांनी जिंकले. अध्यक्षाने एकट्याने ठरवायचे तिथे मर्फी, सदस्यांनी चिठ्ठी टाकायची तिथे किम, असा नमुना पुढेही अनेक ठिकाणी दिसला. किम यांनी त्याच महिन्यात या मतपत्रिकेविरुद्ध फेडरल न्यायालयात दावा लावला. मार्चच्या अखेरीस मर्फी यांनी माघार घेतली आणि २९ मार्चला न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ही रांग वापरण्यास मनाई केली. किम आज सिनेटर आहेत. २०२५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून रांगेची पद्धतच रद्द केली.

आता माध्यमांकडे येते. काउंटी समितीच्या बैठकांना वार्ताहर पूर्वीही कमीच असत, आता तर जवळजवळ नसतातच. नेवार्कच्या स्टार-लेजरने फेब्रुवारी २०२५ मध्ये छापील आवृत्ती बंद केली. राष्ट्रीय वाहिन्यांवर कोण काय बोलले यावर आपण रात्र-रात्र वाद घालतो, परंतु आपल्या गावचा काउंटी अध्यक्ष कोण आहे हे सांगणारे पान आता उरलेले नाही. किम यांच्या दाव्याआधी ही रांग मोडावी म्हणून वर्षानुवर्षे लिहिणारी माणसे बहुतांशी स्थानिक कार्यकर्ती होती. त्यांनी मतपत्रिकांची छायाचित्रे जमवली, प्राध्यापकांनी त्यांचा अभ्यास केला, आणि न्यायालयात तेच साहित्य कामी आले. पुरोगामी लेखनातून काय साधते असे विचारणाऱ्यांना मी हेच दाखवते.

समितीच्या सदस्यांची निवड जूनच्या प्रायमरीतच होते. आमच्या भागात अनेक जागांवर कोणी अर्जच भरत नाही आणि तिथे अध्यक्ष आपल्या पसंतीचा माणूस नेमतो. अर्जाला लागणाऱ्या सह्या इतक्या थोड्या असतात, की एका इमारतीत फिरून त्या मिळू शकतात. एडिसन आणि आसपासच्या कोणाला पुढच्या खेपेस अर्ज भरायचा असेल तर मला इथे निरोप पाठवावा. अर्ज कोणत्या कार्यालयात मिळतो, तो कधीपर्यंत द्यायचा आणि सह्या कोणाच्या चालतात, हे मी सांगू शकेन.